एस्तेरकाकींची मंडळी

"साहेबानू, आमका बसाक परवानगी व्हयी," असं म्हणत एस्तेरकाकी माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मी हातातलं काम न थांबवता समोरची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. त्या बसल्या नाहीत. खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "माका नाय. मंडळीक."

आमच्याकडे मंडळी म्हणजे घरची माणसं, नाहीतर बायको. मी दाराबाहेर पाहिलं. बाहेर कोणीच नव्हतं. समोर उंच, सडपातळ बांध्याची, पांढऱ्या सुती साडीतली एक म्हातारी बाई काखेत प्लास्टिकची पिशवी धरून उभी होती आणि आपल्याबरोबर बरीच माणसं आली असल्यासारखं बोलत होती. मंडळी म्हणजे त्यांचं चर्च, हे समजायला मला थोडा वेळ लागला.

मालवण किनाऱ्यावरच्या एका लहान गावाच्या नगरपंचायतीत मी तेव्हा बांधकाम विभागाचा लिपिक होतो. मी परब, मूळचा मिठबावचा. बायको कोल्हापूरला शाळेत नोकरीला, मुलगी तिच्याजवळ. मी इथे भाड्याच्या खोलीत. आठवडा कचेरीत निघून जायचा. रविवार मात्र जाता जायचा नाही. हे सांगायचं कारण पुढे येईल.

एस्तेरकाकींचं सगळं आयुष्य काजूच्या कारखान्यात गेलं होतं. लहान मुलगी होत्या तेव्हापासून वेंगुर्ल्याला, मग आमच्या गावात एका व्यापाऱ्याचा छोटा कारखाना निघाला तिथे. बिया फोडता फोडता त्या बायकांच्या मुकादम झाल्या. काजूच्या टरफलाच्या तेलाने त्यांची बोटं कायमची काळी पडली होती आणि बोटांवरच्या रेषा पार पुसल्या गेल्या होत्या. अर्जासोबत ओळख पटवायची म्हणून मी त्यांचा अंगठा यंत्रावर ठेवला, तर यंत्र काही केल्या घेईना. पुसून ठेवला, ओला करून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवून पाहिला. काकी शांतपणे म्हणाल्या, "देवाक म्हायत आसा मी कोण ती. ह्येका नाय." शेवटी सहीवर भागवलं. सही मात्र त्यांची सुंदर होती. प्रत्येक अक्षर सुटं.

त्यांची अडचण अशी होती. खाडीच्या कडेला एका जुन्या कौलारू घरात त्यांच्या मंडळीची उपासना चालायची. हे लोक मराठी बोलणारे, मराठीतून प्रार्थना करणारे प्रोटेस्टंट. कधीकाळी मिशनच्या दवाखान्याभोवती वस्ती झालेली काही कुटुंबं. दवाखाना केव्हाच बंद पडला, कुटुंबं मुंबई-पुण्याला गेली, मागे म्हातारी राहिली. त्यांचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, कोल्हापूरहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार काकीच चालवायच्या. आता घरमालकाच्या वारसांनी ते घर पर्यटकांसाठी खोल्या बांधणाऱ्या कुणाला विकलं होतं आणि पुढच्या पावसाळ्याआधी जागा रिकामी करायची होती.

नवी जागा त्यांना मिळाली होती ती भर बाजारपेठेत. काजूवाल्या व्यापाऱ्याच्या पत्नी इंदूवहिनी आता विधवा होत्या. बाजारातल्या इमारतीत त्यांचा तळमजल्यावर एक गाळा होता. एस्तेरने आमच्या कारखान्यासाठी बोटं जाळून घेतली, तिला मी नाही कशी म्हणू, असं त्या मला स्वतः येऊन सांगून गेल्या होत्या. पण विकास आराखड्यात तो सगळा पट्टा वाणिज्य विभागात होता. तिथे दुकान चालेल, खानावळ चालेल, दवाखानासुद्धा चालेल. प्रार्थनास्थळ करायचं तर वापर बदलाची परवानगी हवी, त्यासाठी हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची. मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं आणि सहज विचारलं, एवढी यातायात करण्यापेक्षा कोणाच्या तरी घरी जमलात तर काय बिघडलं? तुमचंच घर आहे की.

काकींनी पिशवी काखेतून काढून टेबलावर ठेवली. "घरात येता तो पावणो, साहेबानू. त्येका बस म्हणूचा लागता, चाय विचारूची लागता. आणि ज्याचा माझ्याशी पटणा नाय, तो येवचोच नाय. मंडळीत कोण पावणो नाय. माझ्याशी भांडान सुद्धा माणूस थंय येवन बसूक व्हयो."

हे बोलणं माझ्या डोक्यात बसलं. तोपर्यंत मला वाटत होतं की देवळात माणूस देवासाठी जातो.

त्यानंतर काकी अधूनमधून कचेरीत येऊ लागल्या. घाई करायच्या नाहीत. दाराशी उभं राहून "परबानू, काय झाला?" एवढंच विचारायच्या. अजून व्हायचं आहे म्हटलं की मान हलवून निघून जायच्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. भाऊ-भावजय लवकर गेली, त्यांचा मुलगा दानियल काकींनीच वाढवला. तो नाशिकला कारखान्यात चांगल्या नोकरीवर होता. घरी त्या एकट्या. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत टेबलावर दिसलो, तर त्यांनी मलाच रागे भरलं. "घराक देव येवचो आसा आणि तुमी हंय काय करतात? जावा मिठबावाक." मी गेलो.

हरकत एकच आली, पण जोरदार आली. इंदूवहिनींच्या गाळ्याला लागून बाबल शेटचं जाळी आणि दोरांचं दुकान होतं. त्याने आणि आणखी काही दुकानदारांनी सह्या करून दिलं होतं की बाजारात आधीच गाड्या लावायला जागा नाही, प्रार्थनेला गर्दी होईल, गाणी-बजावणी होईल, धंद्याला त्रास होईल. कागदावर एवढंच होतं. कागदावर नसलेलं चहाच्या टपरीवर बोललं जायचं. हे लोक आणखी लोक गोळा करतील, आज एक गाळा, उद्या अख्खी इमारत.

सुनावणीला काकी त्यांच्या मंडळीतल्या याकोबभाऊंना घेऊन आल्या. याकोबभाऊ एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. गुडघ्यांनी बेजार, पण इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. आमचे मुख्याधिकारी विदर्भातले, तरुण आणि सरळ स्वभावाचे होते. त्यांनी बाबल शेटचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. बाबल शेट चांगला तावातावाने बोलला. रविवारी दर्यावरचे लोक बाजारात येतात, जाळ्यांच्या गाठोड्यांनी रस्ता अडतो, त्यात यांच्या गाड्या आल्या तर गिऱ्हाइकाने उभं कुठे राहायचं? बोलण्यात खोट नव्हती.

मुख्याधिकाऱ्यांनी काकींकडे वळून विचारलं, "आजी, तुमच्या उपासनेला लोक येतात किती?"

याकोबभाऊ काकींच्या कानाशी लागले. मी जवळच बसलो होतो, मला ऐकू आलं. मुंबईवाल्यांची नावं अजून आपल्या यादीत आहेत, तीही धरून सांग, असं ते म्हणत होते. थोडी माणसं सांगितली तर परवानगी कशाला देतील, ही त्यांची भीती.

काकी उभ्या राहिल्या. कचेरीत म्हणून प्रमाण मराठीत बोलायला लागल्या. "साहेब, नावं पुष्कळ आहेत. येणारी माणसं सात-आठ. पावसात त्याहून कमी. गाडी कोणाकडेच नाही. याकोबभाऊंना रिक्षाने आणावं लागतं, ती रिक्षा सोडून परत जाते."

बाबल शेट अजून उभाच होता. त्याने काकींकडे, मग याकोबभाऊंच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "एवढीच माणसां?" त्याने विचारलं.

"एवढीच," काकी म्हणाल्या.

"मगे माझी काय हरकत नाय," असं म्हणून तो खाली बसला. मागे कोणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं ते, सुटकेचं होतं. मुख्याधिकाऱ्यांनीही हसून पुढचा विषय घेतला. सगळं इतक्या पटकन संपलं की मला काकींचं अभिनंदन करावंसं वाटलं. मी त्यांच्यामागे बाहेर गेलो.

त्या कचेरीच्या पायरीवर बसल्या होत्या. याकोबभाऊ रिक्षा बघायला पुढे गेले होते. मी म्हटलं, काकी, झालं की तुमचं काम. त्यांनी वर पाहिलं नाही. काळ्या बोटांनी पदराचं टोक पिळत राहिल्या.

"झाला. बरां वाटूक व्हया होता," त्या म्हणाल्या. "पण परबानू, त्येंनी भांडूक व्हया होता. भांडले आसते तर आमी आसंव, असा तरी झाला आसता. आता आमची कोणाक भीती सुद्धा नाय."

रिक्षा आली आणि दोघं गेली.

परवानगी मिळाली ती अटींसह. ध्वनिक्षेपक लावायचा नाही, रस्ता अडवायचा नाही, पाटी शेजारच्या दुकानांपेक्षा मोठी लावायची नाही. काकींनी पाटी मुद्दाम लहानच करून घेतली. जाळी-दोरांचं दुकान, मग ही प्रार्थना मंदिराची पाटी, आणि पलीकडे मोबाइल दुरुस्ती. सुरुवातीला माणसं आत डोकावून मोबाइलचं कव्हर मागायची. काकी त्यांना पलीकडचा गाळा दाखवायच्या.

त्या गाळ्याला लोखंडी शटर होतं आणि ते जड होतं. पहिल्या रविवारी काकींना ते उचलेना. याकोबभाऊंच्यात ताकद नव्हती. मी समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो. उठून जाईपर्यंत बाबल शेट आपल्या दुकानातून आकड्याची काठी घेऊन आला, एका हिसक्यात शटर वर केलं आणि एक शब्द न बोलता आपल्या दुकानात परत गेला. पुढच्या रविवारीही तसंच. काकी आल्या की काठी घेऊन यायचं हा त्याचा नेम होऊन गेला. मात्र दोघं एकमेकांशी बोललेली मी कित्येक महिने पाहिली नाहीत.

माझे रविवार त्या हॉटेलातच जायचे. खोलीवर भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं. तिथून मला गाळ्याचं सगळं आतलं दिसायचं. काकी आधी येऊन प्रत्येक खुर्चीवर एकेक गीतपुस्तक ठेवायच्या. माणसं कमी, खुर्च्या जास्त, तरी सगळ्यांवर ठेवायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, कोणी आलाच तर त्याला पुस्तक शोधायला लागू नये.

पण येणारं कोणी नव्हतं, जाणारेच होते. एका बाईंना मुलगा पुण्याला घेऊन गेला. एक जोडपं मुलीकडे वसईला गेलं. याकोबभाऊ पावसाळ्यात आजारी पडले ते उठलेच नाहीत. त्यांना माती दिली त्या दिवशी खड्ड्याशी उभं राहायला माणसं कमी पडली म्हणून मी आणि बाबल शेट दोघंही थांबलो. महिन्यातून एकदा येणारे पाळक हळूहळू सणापुरते येऊ लागले. त्यांचाही दोष नव्हता. एवढ्या लांबून घाट उतरून यायचं ते कोणासाठी?

मग एका रविवारी मी पाहिलं की आत काकी एकट्याच आहेत. तरी उपासना पूर्ण चालली होती. त्या उभ्या राहून मोठ्याने वाचत होत्या. गीत म्हणत होत्या. प्रार्थना करून थोडं थांबत होत्या, समोरच्या माणसांनी आपापली प्रार्थना मनात म्हणावी म्हणून थांबतात तसं. खुर्च्यांवर पुस्तकं होती. बाजार चालू होता, मासळीवाल्या हाका घालत होत्या, आणि त्या कलकलाटात ही बाई रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून बोलत होती. मला ते बघवेना. मी चहा टाकून उठलो आणि जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसलो.

काकींनी वाचन थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "ऊन लागला काय?"

मी म्हटलं, नाही, असाच आलो.

त्यांना माझ्याकडून काय हवं होतं ते त्यांनी दुसऱ्या रविवारी सांगितलं. त्यांच्या उपासनेत स्तोत्र वाचायची एक रीत आहे. एक ओळ पुढाऱ्याने वाचायची आणि पुढची ओळ मंडळीने. काकी पुढाऱ्याची ओळ वाचायच्या आणि मग मंडळीचीही त्यांनाच वाचावी लागायची. "आपणच विचारूचा आणि आपणच सांगूचा, ह्या बरां दिसणा नाय," त्या म्हणाल्या. "तुमी मानूक व्हया असा नाय. तुमचो देव तुमच्याकडे आसा. फक्त आवाज द्या."

मी आवाज दिला. पहिल्या दिवशी मी दोनदा ओळ चुकलो. पुढे सवय झाली. त्यांनी मला कधी एक शब्द उपदेश केला नाही. उपासना झाली की शटर ओढायचं काम माझं. आणि मग त्या विचारायच्या, मुलीचा फोन आला काय, परीक्षा कशी गेली. आठवड्यात एवढं विचारणारं मला गावात दुसरं कोणी नव्हतं. कचेरीत एकदोघांनी थट्टा केली. बाबल शेट मात्र मला म्हणाला, "जातास ता बरां करतास. म्हातारी एकटी बोलता ता आयकाक बरां वाटणा नाय."

असे बरेच रविवार गेले. मग काकी घराच्या पडवीत पाय घसरून पडल्या. मोडलं काही नाही, पण चालणं गेलं ते गेलंच. दानियल नाशिकहून आला आणि त्याने स्पष्ट सांगितलं की आता तुला एकटं ठेवणार नाही. त्याचंही बरोबर होतं. काकींनी वाद घातला नाही. फक्त आठवडाभर मागून घेतला.

त्या आठवड्यात त्या काठी टेकत कचेरीत आल्या. या वेळी खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "परवानगी परत करूक इलंय."

माझ्या नोकरीत परवानगी मागायला, वाढवून घ्यायला, कोर्टातून मिळवायला आलेली माणसं मी पाहिली होती. परत करायला कोणी आलेलं नव्हतं. मी त्यांना समजावलं की काकी, याची काही गरज नाही. वापर थांबला की ठरावीक मुदतीनंतर ती आपोआप रद्द होते. तुम्ही निवांत जा.

"आपोआप नको," त्या म्हणाल्या. "आपोआप बंद झाला तर थंय कोण नव्हताच, असा होता. कोणीतरी बंद केल्यान, असा होवंदे."

मी मुख्याधिकाऱ्यांकडे गेलो. तेही क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, घ्या लिहून त्यांचं, मी सही करतो. आणि ते केबिनमधून उठून स्वतः बाहेर आले, काकींच्या समोर उभं राहून त्यांनी सही केली.

शेवटच्या रविवारी बाबल शेटने शटर वर केलं आणि परत गेला नाही. चपला बाहेर काढून आत आला आणि माझ्या शेजारी बसला. इंदूवहिनी आल्या. दानियल आणि त्याची बायको होती. काकींनी नेहमीप्रमाणे वाचलं, मी आवाज दिला. प्रार्थनेत त्यांनी गेलेल्या सगळ्यांची नावं घेतली. मग बाजाराची घेतली. मासळीवाल्यांची, हॉटेलवाल्याची, मोबाइलवाल्या पोराची, बाबल शेटच्या आजारी बायकोची. नगरपंचायतीची सुद्धा घेतली. बाबल शेट खाली मान घालून बसला होता. आपल्या बायकोचं दुखणं त्यांना ठाऊक आहे हे त्याला माहीत नसावं.

पुस्तकं खोक्यात भरून कोल्हापूरच्या मंडळीला पाठवायची ठरली होती. किल्ली इंदूवहिनींच्या हातात गेली. गाडीत बसताना काकींनी माझा हात धरला. ती खरखरीत, रेषा नसलेली बोटं मला आजही जाणवतात.

"रविवारी आता काय करतल्यात?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कोल्हापूरला जात जाईन.

"जावा. दर रविवारी जावा. पोर मोठी जाता." आणि दानियलला म्हणाल्या, "चल."

नाशिकला त्या वर्षभर होत्या. मी फोन करायचो. तिथलं चर्च मोठं होतं, भरलेलं असायचं. बरं वाटत असेल ना, असं मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, गाणी छान म्हणतात, आणि पुढे म्हणाल्या, "माझ्या बाजूक बसता तेचा नाव माका अजून म्हायत नाय."

एका दुपारी दानियलचा फोन आला. सकाळी झोपेतच गेल्या. चर्चमध्ये खूप लोक येतील, म्हणाला, इथे कोणी गेलं की सगळेच येतात. मग त्याने विचारलं, "तिकडे मंडळीत कोणाला कळवायचं असेल तर? माझ्याकडे कोणाचे नंबर नाहीत."

मंडळीत आता कोणी नव्हतं. "मी कळवतो," असं मी म्हणालो.

कचेरीतून निघून आधी इंदूवहिनींकडे गेलो. त्या देवघरापाशी जाऊन बसल्या. मग बाजारात आलो. गाळ्यात आता एक रेडिमेड कपड्यांचं दुकान होतं. बाहेर लहान मुलांचे फ्रॉक टांगले होते. बाबल शेट गिऱ्हाइकाला दोर मापून देत होता. मी सांगितलं तसा त्याचा हात थांबला. त्याने गिऱ्हाइकाला दोर तसाच देऊन टाकला. मग आकड्याची काठी घेतली, आपल्याच दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, आणि आत जाळ्यांच्या ढिगावर बसला. मला बस म्हणाला नाही. मी वाकून आत शिरलो आणि त्याच्याजवळ बसलो.